साडूंचं छत

रत्नागिरीहून आलोय म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "हापूस आणला का?" एप्रिलचे दिवस होते, प्रश्न रास्तच होता. पण मी हापूस आणला नाही. मी आणलं ते कडांना दोर शिवलेलं एक जाडजूड सुती कापड. ते आता आमच्या घोडीच्या ट्रेलरवर गुंडाळून ठेवलंय. एका कापडासाठी माणूस आंबा घाट उतरून गेला, याचं आमच्या गल्लीत बरेच दिवस हसं झालं. खरं कारण कळलं असतं तर जास्त हसले असते. कोण देवदर्शनाला जातो, कोण हवापालटाला जातो. मी साडूच्या हेव्यापायी गेलो होतो.

अविनाश म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुण्याच्या बाहेर त्याचे सहा घोडे, स्वारीचं रिंगण, पोरांचे वर्ग, असा सगळा थाट. माझं पेंड-भुशाचं दुकान आणि एकच घोडी, मैना. सकाळी तिच्यावर गल्लीतल्या चार पोरांना बसायला शिकवतो, एवढाच माझा कारभार. अविनाश वाईट असता तर बरं झालं असतं. तो मला "भाऊ, भाऊ" करतो, भेटला की वाकून पाया पडतो आणि माझ्या ट्रेलरचं कौतुक करतो. तो ट्रेलर एमआयडीसीतल्या एका वेल्डरनं पाण्याच्या टाक्या बनवता बनवता फावल्या वेळात जोडलेला आहे. त्याचं कौतुक करणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

आता मुद्द्याचं. माझी मुलगी केतकी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. ती मैनेवरच स्वारी शिकली. अविनाशनं तिला सांगून ठेवलं होतं, "कॉलेजला पुण्याला ये, आमच्याकडं राहा, माझ्या बादलवर सराव कर. पुढं स्पर्धांना मी नेतो." पोरगी हुरळून गेली, पण माझ्या शब्दाशिवाय जाणार नव्हती. "रत्नागिरीहून आल्यावर सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावर दहा-बारा घोडेवाले तीन दिवस जमणार होते. सकाळी ओल्या वाळूवर घोडे पळवायचे, दुपारी सावलीत बांधायचे, असा बेत. आमंत्रण अर्थातच अविनाशकडून आलं होतं. मी मनात धरलं, या तीन दिवसांत पोरीला दिसलं पाहिजे की बापाकडंही घोडा व्यवस्थित ठेवतात, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

अडचण होती ती सावलीची. मैना अबलख आहे, पांढऱ्या अंगावर तांबूस धब्बे, आणि नाकाड गुलाबी. दुपारभर उन्हात उभी राहिली तर नाकाची सालं निघतात. घरी गोठा आहे, किनाऱ्यावर काय करायचं? म्हणून मी बाजारातून निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि ट्रेलरच्या टपावर बांधून पहाटे निघालो.

पाली

आंबा घाटात ताडपत्रीनं आपला इंगा दाखवला. वळणावर वारा आत शिरला की ती अशी फडाफडा वाजायची, की आत मैना लाथा झाडायची. दोनदा थांबून गाठी आवळल्या. तिसऱ्यांदा केतकी म्हणाली, "बाबा, हिला घाबरवायला वेगळा माणूस ठेवायला नको." मी ताडपत्री काढून जीपमध्ये कोंबली. घाट सुंदर आहे, असं सगळे सांगतात. असेल. माझं लक्ष मागच्या आरशात होतं.

पालीच्या बाजारात चहाला थांबलो तेवढ्यात अविनाशचा फोन. तो चिपळूणकडून येत होता, सावर्ड्यात मिसळ खाल्ली म्हणाला. "पण भाऊ, तुमच्या कोल्हापूरची सर नाही हो." या वाक्यात राग येण्यासारखं काही नाही, तरी मला आला. मग रत्नागिरीचा फाटा मागं टाकून, वाट वाकडी करून, तो खास आम्हाला भेटायला पालीपर्यंत आला.

त्याचा ट्रेलर पांढराशुभ्र. त्यानं तो रस्त्याच्या कडेला लावला, बादलला खाली उतरवलं, बाजूच्या खाचेत एक दांडा अडकवला आणि फिरवायला लागला. ट्रेलरच्या कडेतून एक करड्या रंगाचं छत हळूहळू बाहेर आलं. सुरकुती नाही, आवाज नाही. पुढं दोन चकचकीत पाय आपोआप खाली आले. माणसं थांबून बघायला लागली. काजूगर विकायला बसलेली एक बाई म्हणाली, "आवो, ह्या घोड्याची तर वरात हाय!"

केतकीनं मला न विचारता मैनेला उतरवलं आणि त्या छताखाली नेऊन उभं केलं. मैना अनोळखी जागी तासभर बिचकते. तिथं तिनं दोन मिनिटांत खालचा ओठ सैल सोडला, एक मागचा पाय दुमडला आणि डोळे मिटले. घरचीच घोडी फितूर झाली.

"भाऊ, तुम्हाला पण असंच एक मागवून देऊ का?" अविनाशनं विचारलं.

"नको. मी रत्नागिरीतच घेणार आहे. बघून ठेवलंय," मी म्हणालो. मी काहीही बघून ठेवलेलं नव्हतं. केतकीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि चहा पिऊन टाकला.

जेटीजवळ

अविनाश पुढं किनाऱ्यावर गेला, आम्ही बाजारात. रत्नागिरीच्या बाजारात सावलीचे दोनच प्रकार दिसले, हिरवी जाळी आणि पुन्हा तीच निळी ताडपत्री. जाळीतून ऊन गाळून येतं, गुलाबी नाकाला ते पुरे नाही. दुकानदार तरी कसला! आमच्याकडं गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की दुकानदार अर्धा माल काढून पसरतो. हा गृहस्थ गल्ल्यावरून हलला नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडे हे आंब्याच्या पेट्यांवर टाकायला नेतात. घोड्याचं मी सांगणार नाही. जेटीकडे जा, इब्राहिमचाचांना विचारा." स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाठवायची ही तऱ्हा मला नवीन होती.

इब्राहिमचाचा सत्तरीचे असतील. निम्मं आयुष्य आखाताकडच्या जहाजांवर खलाशी म्हणून काढलेलं, आता पत्र्याच्या शेडमध्ये बसून होड्यांवरची कापडं शिवतात. तळहाताला चामड्याची पट्टी बांधलेली, हातात दाभण. मी "घोडीला सावली हवी, बारा बाय सोळा" असं सुरू केलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"कुठशी आलाव?"

"कोल्हापूर."

"मंग तुमाला मांडव ठाऊक. वारा ठाऊक नाय." आणि दाभण ठेवून उठले. "चला, जनावर दाखवा."

कापड कुठं बांधणार आणि खाली कोण उभं राहणार हे बघितल्याशिवाय ते कापड देत नाहीत. त्यांनी ट्रेलरभोवती फेरी मारली, माझ्या वेल्डरनं केलेल्या कड्या ओढून बघितल्या. मैनेसमोर जाऊन नुसते उभे राहिले. मैनेनंच मान पुढं करून त्यांच्या खांद्याचा वास घेतला. मग त्यांनी जीपमधल्या ताडपत्रीकडं बोट केलं.

"ह्या वाजतो. घोडा सावली मागून बघतो, आधी आवाज ऐकतो."

"मग नवीन कॅनव्हास द्या."

"नवा नको. नवा कापड पान्यात आखडतो, दोर खेचतो. ह्या घ्या. दोन पावसाळं खाल्लेला हाय, आता शांत झायलाय."

ते एका होडीवरचं जुनं कापड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, रंग मातकट. माझा चेहरा पडला असणार. डोळ्यांसमोर ते करडं, सुरकुती नसलेलं छत होतं आणि हातात हे गोधडीसारखं धूड. पण केतकीनं ते मैनेच्या तोंडापुढं झटकून बघितलं आणि मैना हलली नाही. प्रश्न मिटला.

चाचा कडांना दोर शिवेपर्यंत दुपार झाली. आम्ही पाहुणे नव्हतो, गिऱ्हाईक होतो, तरी घरातून तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या रसातलं कोळंबीचं कालवण आलं. कोल्हापूरच्या माणसाला तिखट नसलेलं कालवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. पहिल्या घासाला मला तसंच वाटलं आणि चौथी भाकरी मागून घेताना वाटेनासं झालं.

जेवून झाल्यावर चाचांनी आम्हा दोघांना समोर बसवून शिकवलं. वाळूत मेख ठोकायची नाही. पोत्यात ओली वाळू भरायची, त्याच्या मधोमध दोर बांधायचा, हातभर खोल खड्ड्यात ते पोतं आडवं पुरायचं आणि वर वाळू पायानं तुडवायची. कापड समुद्राच्या बाजूला खाली उतरतं ठेवायचं. आणि शेवटचं, "तीन कोपरं पक्कं. चौथा सुटता ठेवाचा. एका हिसक्यात सुटंल अशी गाठ. वारा मावला नाय की तो कोपरा सुटंल, कापड फडफडंल, पन उडाचा नाय."

"आमच्याकडं मांडवाचा एक कोपरा सैल दिसला तर पाहुणे नाव ठेवतात," मी म्हणालो.

"ठेवूंदे. पाहुणं वाऱ्यात उभं ऱ्हात नाय." त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि ती गाठ माझ्याकडून सात वेळा बांधून घेतली. केतकीला दुसऱ्यांदा जमली, हे सांगायला नको.

निघताना ते म्हणाले, "नि बाजूला कोन बांधत असंल तर त्याला पन सांगा. हितं होडी लावली की बाजूच्याला सांगतात, दोर कसा टाकलाव. एकाची सुटली की दुसऱ्याच्या अंगावर येते. ह्या सांगाचाच असतो."

"अविनाशकाकांना सांगायला पाहिजे बाबा," केतकी म्हणाली.

"सांगतो की," मी म्हणालो.

किनाऱ्यावर

आम्ही वाडीतल्या एका काकूंकडं उतरलो होतो. सकाळी त्यांनी घावणे वाढले, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. त्यांच्या अंगणाभोवती जांभ्या दगडाचा बुटका गडगा, गडग्यापलीकडं आंब्याची कलमं, कलमांपलीकडं समुद्र. "वारा कधी सुटतो काकू?" मी विचारलं. "जेवणं झाली की येतो तो. आमचं पापडाचं वाळवण आम्ही त्याच्या आधी उचलतो," त्या म्हणाल्या. एवढी पक्की खबर माझ्याकडं होती, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मैनेनं समुद्र पहिल्यांदाच बघितला. लाट पायाशी आली की ती मागं सरायची आणि लाट परत फिरली की रागानं तिच्यामागं दोन पावलं जायची. केतकी तिच्या गळ्यात हात टाकून काहीतरी बोलत होती. थोड्या वेळानं दोघी गुडघाभर पाण्यातून लांब निघून गेल्या. मी खड्डे खणायला घेतले. चार पोती भरली, पुरली, तुडवली. घामाघूम झालो.

पंचवीस पावलांवर अविनाशनं दांडा फिरवून छत बाहेर काढलं. छताच्या पायांना रोवायला चार लोखंडी मेखा होत्या, त्या त्यानं वाळूत ठोकल्या. एकेक मेख लोण्यात सुरी जावी तशी गेली. तो तिथंच उभा राहून शेवटची मेख हलवून बघत होता. मग माझ्याकडं आला. माझे खड्डे बघितले, पोती बघितली.

"भाऊ, हे काहीतरी पक्कं काम दिसतंय. माझ्या मेखा एवढ्यावर राहतील ना हो?"

त्यानं विचारलं. मला आपणहून सांगायचेही कष्ट नव्हते, त्यानं विचारलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पोतं उरलं होतं, फावडं हातात होतं. पण मला पालीचा बाजार आठवला, मिटलेल्या डोळ्यांची मैना आठवली, आणि केतकी जाऊन कुणाच्या अंगणात घोडे फिरवणार आहे ते आठवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुमचं इंपोर्टेड आहे, त्याला काय होतंय," मी म्हणालो.

"तेही खरंच," तो हसला आणि परत गेला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, याचाही मला राग आला.

केतकी परत आली तेव्हा दोन्ही छतं उभी होती. तिनं माझी गाठ तपासली, "झकास," म्हणाली, मैनेला सावलीत बांधलं आणि शहाळं प्यायला काकांच्या छताखालच्या खुर्चीत जाऊन बसली. माझ्याकडं खुर्ची नव्हती. येणारेजाणारे घोडेवाले अविनाशच्या छताखाली वाकून बघत होते, दांडा फिरवून बघत होते. माझ्या छतासमोर एक जण थांबला आणि त्यानं विचारलं, "होडी दुरुस्तीला आलाय का?"

मी पोत्यावर बसून वाऱ्याची वाट बघत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण वाट बघत होतो हे खरं आहे.

जेवणं झाली आणि वारा आला. आधी वाळू घोट्याशी सरपटायला लागली, मग एकदम मोठा झोत आला. माझा चौथा कोपरा सुटला. कापड एका बाजूला फडफडलं, मैनेनं कान टवकारले आणि पुन्हा पाडले. तेवढंच. पलीकडं अविनाशचं छत पोट फुगवल्यासारखं वर गेलं. चारही मेखा वाळूतून निघाल्या. एक पाय मेखेसकट वर उडाला आणि खाली येताना बादलच्या पुढच्या पायावर बसला. अविनाश तो धरायला धावला, त्याचा तळहात कापला. बादलनं दोर तोडला आणि उधळला. खाली किनारा संपतो तिथं काळे खडक आहेत, तो नेमका तिकडं निघाला.

मी जागचा हललो नाही. केतकी माझ्याजवळून पळत गेली, मैनेचा दोर एका हिसक्यात सोडला, खोगीर नाही काही नाही, अयाळ धरून वर चढली आणि पाण्याच्या कडेनं तिला अशी काढली की मी माझी घोडी ओळखली नाही. ती बादलच्या मागं गेली नाही. पाण्यातून पुढं जाऊन खडकांच्या अलीकडं आडवी उभी राहिली. मैनेला बघून बादल थबकला. मग तिनं त्याचा तुटका दोर हातात घेतला आणि दोघांना चालवत परत आणलं.

बादलच्या गुडघ्याच्या वर मांस उघडं पडलं होतं. शहरातून जनावरांचे डॉक्टर आले, टाके घातले आणि म्हणाले, "हाड वाचलंय. पण दोन महिने याच्यावर बसायचं नाही." अविनाशनं मान हलवली. हाताला रुमाल गुंडाळलेला, तो बादलच्या मानेवर कपाळ टेकवून उभा होता. इतकी वर्षं मी त्याच्याकडं असलेलं सगळं मोजत आलो, पण त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं.

बादलला ठेवायला सावली उरली होती ती फक्त माझ्या छताखाली. दोन घोड्यांना ती जेमतेम पुरत होती. घोडेवाले आता माझ्याकडं येऊन दोर ओढून बघत होते, "कुणी शिकवलं हो हे?" विचारत होते. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. तोंडाला चव नव्हती.

केतकी मैनेचं अंग पुसत होती. पुसता पुसता तिनं सहज विचारलं, "काका, बाबांनी तुम्हाला पोत्यांचं सांगितलं होतं ना?"

माझ्या हातात पाण्याची बादली होती. ती मी खाली ठेवली नाही आणि पुढंही नेली नाही. अविनाशनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण तेवढ्यात त्याला सगळं कळलं, हे मलाही कळलं. सकाळचे खड्डे, पोती, त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर.

"सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "मीच म्हटलं, आपलं इंपोर्टेड आहे, त्याला काय होतंय."

माझंच वाक्य त्यानं उचलून आपल्या नावावर घेतलं. मग बादलच्या पायावरच्या माशा हाकायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून किनाऱ्यावर गेलो तर अविनाश एका हातानं वाळू भरत होता. एक पोतं भरून झालं की शेजारच्या घोडेवाल्याकडं जायचा आणि दाखवायचा, असं आडवं पुरा, असा दोर काढा, एक कोपरा सुटता ठेवा. "आमच्या भाऊंनी शिकवलंय," असं प्रत्येकाला सांगत होता. मी फावडं घेतलं आणि त्याच्यासोबत खणायला लागलो. आम्ही दोघं दुपारपर्यंत खणत होतो. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "दोर द्या इकडं," एवढंच बोललो.

परतीचा घाट

अविनाश बादलला घेऊन आणखी चार दिवस तिथंच राहणार होता. आम्ही निघालो. निघताना तो नेहमीसारखा वाकला, पट्टी बांधलेला हात माझ्या पायाला लागला. मी त्याला उठवलं आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

पाली गेलं, साखरपा गेलं. कापड टपावर गुंडाळलेलं होतं, आवाज नव्हता. मैना मागं शांत उभी होती. बोलायला कुठलीच अडचण उरलेली नव्हती. घाटाच्या मध्यावर मैनेला पाणी पाजायला थांबलो. केतकी ओल्या फडक्यानं तिचं नाक पुसत होती. नाकाची सालं निघाली नव्हती. तीन दिवसांत तेवढं एक काम माझ्या हातून चांगलं झालं होतं.

"केतकी, मी काकांना काही सांगितलं नव्हतं."

तिनं फडकं पिळलं. "माहीत आहे."

"ते तर म्हणाले..."

"बाबा, काकांना कुणी काही सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, असं मी तरी कधी बघितलेलं नाही."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. तिनं ते मैनेचा कान खाजवत, साधं, हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं. माझ्या पोरीला त्या माणसाची इतकी खात्री होती. माझ्याबद्दल अशी खात्रीनं सांगण्यासारखी कुठली गोष्ट तिच्याकडं असेल, ते मी शोधत बसलो.

"मग तेव्हा गप्प का बसलीस?"

"तुम्ही सांगताय का बघत होते."

मागून एक एसटी भोंगा वाजवत गेली. मैना हलली नाही. मी बादली जीपमध्ये ठेवली, परत आलो. केतकी दार उघडून चढायच्या बेतात होती.

"पुण्याला जा जूनमध्ये," मी म्हणालो. "काकांकडं राहा."

"बादल दोन महिने उभा आहे बाबा."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणतो. त्याचा पाय बरा होईपर्यंत त्याच्याजवळ आपल्या घरचं कुणीतरी पाहिजे."

ती जीपमध्ये चढली. घाटमाथ्यावर मी गाडी बाजूला घेतली, अविनाशला फोन लावला आणि जे तीन वेळा जमलं नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तसंच केलं असतं." हे खोटं आहे. त्यानं तसं केलं नसतं, आणि माझी खरी जळजळ तेव्हापासून सुरू झाली. चांगला ट्रेलर काय, आज ना उद्या कुणालाही घेता येतो.

केतकी जूनमध्ये गेली. बादल आता चालतो, अजून पळत नाही. दर रविवारी तिचा फोन येतो आणि अर्धा वेळ ती काकांबद्दल बोलते, काकांनी हे केलं, काका असं म्हणाले. मी ऐकतो, जळतो, आणि पुढं काय झालं ते विचारतो.